मदत हवी आहे: उताराची जमीन सपाट न करता घरं कशी बसवायची?

घाईगडबड
नमस्कार मंडळी, तातडीने सल्ला हवाय. आम्ही पाच भावंडांनी मिळून दोन एकर जागा घेतली आहे. प्रत्येकाचं एक छोटं घर, एक सामाईक रस्ता आणि बाकी सगळं मोकळं, असा बेत आहे. ठेकेदार म्हणतो, "आधी सगळी जागा लेव्हल करून घेऊ, मग हवी तशी आखणी करता येते." सोमवारी जेसीबी येतोय. मला जागा शक्यतो आहे तशी ठेवायची आहे, झाडं वाचवायची आहेत, पावसाचं पाणी जागेतच मुरवायचं आहे. भावंडांना पटवायला मुद्दे द्या. थोडक्यात सांगा, जुने धागे चाळायला वेळ नाही.

मोजपट्टी
बसवता येतात. उतार किती? कुठल्या दिशेला? माती कसली, खडक किती खाली? वरच्या अंगाच्या जमिनीचं पाणी तुमच्याकडे येतं का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि उत्तर मात्र थोडक्यात हवंय.

घाईगडबड
उतार बेताचा आहे. माती नेहमीचीच.

मोजपट्टी
नेहमीची म्हणजे कोणाच्या नेहमीची? :)

गच्चीप्रेमी
मी सांगते, गच्चीवर बाग करा. खाली वॉटरप्रूफिंग नीट केलं की घर थंड राहतं आणि पावसाचं पाणी गच्चीवरून एकदम खाली धावत नाही. आमच्याकडे वेलींचा मांडव आहे, फोटो टाकू का?

चरखोर
सपाटीकरण अजिबात नको! समपातळी रेषेवर, म्हणजे उतारावर एकाच उंचीने जाणाऱ्या रेषेवर, चर खणा, मातीचा बांध खालच्या बाजूला घाला, त्यावर झाडं लावा. मी सगळीकडे हेच केलंय. पाणी अडतं, मुरतं, माती जागची हलत नाही. बाकी कशाची गरज नाही.

खडकमाती
चरखोर, जरा दमानं. उतार १५ टक्क्यांच्या वर असेल आणि माती चिकण असेल, तर घराच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी मुरवणं म्हणजे उतार घसरायला आमंत्रण. चर असला तरी जास्तीचं पाणी बाहेर काढणारी सांड हवी, तीही दगडाने पक्की बांधलेली. नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात बांध जिथे कच्चा तिथे फुटतो.

घाईगडबड, आधी उतार मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोघांनी दहा मीटर अंतरावर नळीची टोकं उभी धरायची आणि जमिनीपासून पाण्याची उंची मोजायची. दोन मोजमापांतला फरक ८० सेंमी आला तर उतार ८ टक्के. अर्ध्या दिवसात जागेचा अंदाज येतो. आखणीसाठी मात्र सर्व्हेअरकडून समपातळी रेषांचा नकाशा करून घ्याच.

चरखोर
मी सांड नको असं कुठे म्हटलं?

खडकमाती
"बाकी कशाची गरज नाही" असं म्हटलंत की वर.

घाईगडबड
मोजलं. रस्त्याच्या बाजूला ५-६ टक्के, खालच्या बाजूला १८ च्या आसपास. माती वर लालसर, खाली गेलं की चिकट. आता सांगा.

मोजपट्टी
हे आधी सांगितलं असतंत तर एव्हाना आखणीवर बोलत असतो. घरं ५-६ टक्क्यांच्या पट्ट्यात, एकमेकांजवळ. रस्ता शक्यतो समपातळी रेषेला धरून, म्हणजे तो सुसाट उतरणार नाही आणि पाणी सोबत घेऊन धावणार नाही. पाणी, वीज, सांडपाणी सगळं रस्त्याकडेने जवळजवळच्या चरांतून न्या, जागाभर खणत बसू नका. १८ टक्क्यांच्या बाजूला हातच लावू नका, तिथे गवत आणि झुडपं राहू देत.

भावंडांसाठी मुद्दा हा: सपाट करताना एका बाजूची माती खोदून दुसऱ्या बाजूला भरतात. ती भराव माती थरावर थर घालून नीट दाबली नाही तर वर्षानुवर्षं खचत राहते, आणि पाच घरांतली दोन-तीन नेमकी त्या भरावावर येणार. त्यापेक्षा घराचे दोन भाग दोन पातळ्यांवर घ्या, मधे चार पायऱ्या.

पेव्हरपंत
रस्त्याला पाणी झिरपणारे पेव्हर बसवा. विषय संपला.

खडकमाती
खाली चिकट माती आहे, वाचलंत का? पाणी पेव्हरमधून खाली जाईल आणि तिथे तुंबेल. खाली बारीक चुरा नसलेल्या खडीचा जाड थर आणि पाणी निघायला नळी नसेल तर उपयोग नाही. शिवाय फटी गाळाने बुजतात, दरवर्षी साफ कराव्या लागतात.

आधी मुरण्याची चाचणी घ्या. दोन फूट खोल खड्डा खणा, पाणी भरून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते बघा. एखाद सेंटीमीटरच उतरलं तर शोषखड्ड्यांचा नाद सोडा, टाकीचा विचार करा. १०० चौरस मीटर छतावर ५० मिमी पाऊस पडला की ५,००० लिटर होतात. पाच छतांचे किती ते तुम्हीच बघा.

सावली
झाडांबद्दल कोणीच बोलत नाहीये. झाड तोडलं नाही म्हणजे वाचलं असं नसतं. मुळांवरून यंत्र फिरलं, माती दाबली गेली की ते दोन-तीन वर्षांनी वरून वाळायला लागतं आणि तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो. छातीच्या उंचीला खोडाचा व्यास मोजा, त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि पक्कं कुंपण घाला. खोड ५० सेंमी असेल तर सहा मीटर. आत ना खडी, ना सिमेंट, ना गाडी. आणि वरची १५-२० सेंमी सुपीक माती वेगळी काढून ठेवायला सांगा, भरावात गेली की गेली.

घाईगडबड
सगळ्यांचे आभार, हे छापून भावंडांना देतो. एक राहिलं. मधून एक ओघळ जाते, पावसाळ्यात दोन-तीन महिने वाहते. ठेकेदार ती पाइपात घालून वरून माती टाकणार आहे. त्याची काही अडचण नाही ना?

मोजपट्टी
ओघळ?! ही पहिल्या ओळीत यायला हवी होती.

खडकमाती
पाइप कितीही मोठा घ्या, एखाद्या वर्षी त्याच्यापेक्षा मोठा पाऊस येतोच. फांद्या अडकून तोंड बंद झालं की पाणी जुन्या वाटेनेच वरून येणार, आणि तिथे तुमचं अंगण असेल. ओघळ उघडी ठेवा, दोन्ही काठांना रुंद हिरवा पट्टा सोडा, रस्ता ओघळीवरून न्यायचा असेल तिथेच मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) घाला. वाट बदलायला परवानगी लागते का, तेही सोमवारच्या आत विचारा.

चरखोर
काठाला वाळा लावा, मुळं सरळ खोल जातात. यावर तरी वाद नसावा.

खडकमाती
नाही.

गच्चीप्रेमी
फोटो टाकतेय, बघा.

घाईगडबड
ठेकेदाराला आठवडाभर थांबायला सांगितलंय, कुरकुरतोय. बरं, मधल्या भावाला तळघर हवंय, ते ओघळीच्या बाजूलाच येतंय. ते चालेल ना?

मोजपट्टी
तळघर कधी आलं या धाग्यात?