पहाटे टिकटिकणारा स्मोक अलार्म

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
गेल्या वर्षी आई-बाबांच्या घरी स्मोक अलार्म बसवला. परंतु हल्ली तो पहाटे दर मिनिटाला एकदा ‘टिक्’ करतो आणि मिरचीची फोडणी पडली की घर डोक्यावर घेतो, म्हणून बाबांनी त्याची बॅटरीच काढून ठेवली आहे. काय करावे?

उत्तर १ (खानापूर):
बॅटरी आजच परत बसवा, ही कळकळीची विनंती. मिनिटाला एकदा होणारा आवाज ही बॅटरी उतरल्याची खूण असते, आणि पहाटेच्या गारव्यात तिची शक्ती आणखी घटत असल्यामुळे तो नेमका तेव्हाच ऐकू येतो. नवी बॅटरी घालून चाचणीचे बटण दाबून पाहा. आमच्या अलार्मच्या जाळीत कोळ्याचे बारीक जाळे निघाले होते; मऊ ब्रशने ते काढताच खोटे इशारे थांबले.

उत्तर २ (निपाणी):
फोडणीचा त्रास टाळण्यासाठी अलार्म स्वयंपाकघरापासून सुमारे ३ मीटर दूर, छताला लावा. मात्र तो गॅसगळती ओळखत नाही, हे आईंना आवर्जून सांगा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ वर कळवावे. आग लागल्यास ११२.

प्रश्नकर्ता:
बॅटरी बदलली, टिकटिक थांबली. रविवारी अलार्म सोप्यात हलवतो.