मदत हवी आहे: जुन्या स्प्लेंडरची कॅफे रेसर, १५ हजारांत होईल का?

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. बाबांची २००३ ची स्प्लेंडर कोठ्यात धूळ खात पडली आहे. तिची कॅफे रेसर, म्हणजे पुढे वाकून चालवायची, जुन्या रेसिंग धाटणीची बाइक करायची आहे. किक मारली की चालू होते, पण निळा धूर सोडते, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम आलंच. त्यातच बजेटचा मोठा वाटा जाईल, हे धरून चाललोय.

खरी अडचण हँडलची आहे. क्लिप-ऑन (पुढच्या फोर्कच्या दोन्ही नळ्यांना वेगवेगळं बसणारं बुटकं हँडल) लावलं की हात खाली जातात, पण फूटरेस्ट जागेवरच राहतात. बसणं धड होत नाही. रिअरसेट (मागे सरकवलेले फूटरेस्ट) लावायचे तर गिअरची लिंक आणि मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड दोन्ही नव्याने करावे लागतील. आमचा वेल्डिंगवाला नांगर-वखर झकास जोडतो, पण ब्रेकचं काम त्याच्या हाती द्यायला मन धजत नाही. हे कोणी लेथवर करून घेतलंय का? की जुनंच हँडल उलटं लावून भागतं?

चेसिस कापायची नाही. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला अडवणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओची कटकट कोणाला हवी! सीट तेवढी फायबरची एकट्यापुरती करणार. त्यानंतरही आरसीवर काही नोंद लागते का?

मडगार्ड काढा, असं सगळे सांगतात. बावा, आमचा पांदण रस्ता काळ्या मातीचा आहे, पावसाळ्यात पाठ चिखलाने भरेल! मागे २.७५-१८ ऐवजी थोडा रुंद ३.००-१८ टायर टाकला तर स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासेल का?

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे असं काम केलेलं कोणी असेल तर खर्चासकट सांगा.