जुन्या दराने घेतलेले काम आणि सुरक्षेचे नवे नियम : खर्च कोणी सोसायचा?

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातील एक लहान ठेकेदार

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे घरबांधणीची आणि गटारांची लहान कामे घेतो. कामावर रोज अठरा ते पंचवीस माणसे असतात आणि त्यांतली निम्मी सातपुड्यातील पावरा व भिल्ल कुटुंबांतली, मुकादमामार्फत आलेली असतात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा तिच्यात सामावला गेला, एवढे मला ठाऊक आहे. त्यामुळे माझ्यासारख्याला नेमके काय बदलावे लागेल, हे मात्र उलगडत नाही.

सध्या हातात दोन कामे आहेत. एक तीन मजली राहती इमारत आहे आणि दुसरे काळ्या मातीतले गटाराचे काम आहे. गटाराची खोली सरासरी अडीच मीटर असून ही निविदा मी संहिता लागू होण्याआधी, अंदाजपत्रकापेक्षा ११ टक्के कमी दराने भरली होती. मागच्या महिन्यात अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी चराची एक बाजू ढासळून एक मजूर कमरेपर्यंत मातीत अडकला. सर्वांनी मिळून त्याला बाहेर काढले आणि त्याला फारशी इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून माझे चित्त ठिकाणावर नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. नियम बदलल्याचे कारण देऊन मला वाढीव रक्कम मागता येईल का? आणि जी माणसे पंधरा दिवसांनी बदलतात, भोंगऱ्याला (होळीआधीच्या आदिवासी बाजाराला) आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) एकदमच गावी निघून जातात, त्यांना नियुक्तिपत्र द्यायचे तरी कसे?

उत्तर १ : धुळ्याहून, निवृत्त कनिष्ठ अभियंता

भाऊ, मजूर वाचला हे फार चांगले झाले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, तरी ते स्पष्टच सांगतो. चराबाबत जे करायला हवे ते नव्या संहितेने आणलेले नाही. सरकारी निविदांच्या संचात मागच्या पानांवर सुरक्षा-संहिता छापलेली असते आणि सही करताना ती पाने सहसा कोणी वाचत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटांत ती कित्येक वर्षांपासून आहे. १.२ मीटरपेक्षा खोल चरात दर ३० मीटरला एक शिडी असावी आणि ती जमिनीच्या वर सुमारे एक मीटर यावी, असे ती सांगते. खोली दीड मीटर किंवा अधिक असेल तर बाजू उतरत्या किंवा पायऱ्यांच्या ठेवाव्यात, नाहीतर फळ्या व टेकू लावून त्या धरून ठेवाव्यात. उपसलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांतील जे अंतर जास्त असेल तेवढी दूर टाकावी. तुमची खोली अडीच मीटर, तिचे निम्मे सव्वा मीटर. म्हणजे तुम्हाला दीड मीटरचे अंतर लागू पडते.

आपल्याकडच्या काळ्या मातीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत मी तिच्यातच नोकरी केली. ही माती उन्हाळ्यात दगडासारखी उभी राहते आणि ठेकेदाराला वाटते की हिला टेकूची गरज नाही. प्रत्यक्षात तिला खोल भेगा पडलेल्या असतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांत उतरते, माती फुगते आणि भेगेपासूनचा सबंध तुकडा सुटून चरात येतो. त्याआधी माती सहसा भुरभुरत नाही, त्यामुळे खालच्या माणसाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. त्यातच गल्ली अरुंद असली की पोकलेनवाला माती काठावरच रचतो आणि त्या ढिगाचे वजन कडेवर येते. तुमच्या चरात बहुधा हेच झाले असावे.

पैशाचे म्हणाल, तर बी-१ या सरकारी निविदेच्या नमुन्यात सगळ्या कामाला मिळून एकच टक्केवारी असते आणि सुरक्षेची वेगळी बाब सहसा नसते. विशेष अटींत टेकूंचा खर्च ठेकेदाराचा असे लिहिले असेल, तर विषय तिथेच संपतो. अटी गप्प असतील, तर जादा बाबीची, म्हणजे निविदेत नसलेल्या कामाच्या वेगळ्या रकमेची, मंजुरी काम करण्यापूर्वी लेखी मागा. काम झाल्यावर मागितलेली जादा बाब मंजूर होताना मी क्वचितच पाहिली.

उत्तर २ : नंदुरबारहून, रस्त्याच्या मोठ्या कामावरील सुरक्षा अधिकारी

वरील साहेबांचे चराविषयीचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. मात्र नव्या संहितेने काहीच बदलले नाही असा अर्थ कोणी काढू नये. पूर्वी बांधकामावर ५०० कामगार असले की सुरक्षा अधिकारी नेमावा लागे. आता ही मर्यादा २५० आहे. तुम्ही त्यात बसत नाही. परंतु दहा किंवा अधिक कामगार असल्यामुळे संहिता तुम्हाला लागू आहे, आणि मुकादमाने आणलेली माणसेही त्या संख्येत धरली जातात. हजेरीवर नऊच नावे दाखवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल, तो ऐकू नका. अपघात झाला की तेच हजेरीपुस्तक प्रथम मागितले जाते आणि पुस्तकात नसलेल्या मजुराच्या घरच्यांना विम्याची भरपाई मिळवताना अतोनात त्रास होतो.

आस्थापनेची ऑनलाइन नोंदणी, प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र आणि ठरवून दिलेल्या वयावरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी ही कामे आता तुमची आहेत. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे मृत्यू ओढवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्या दंडाची निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. विम्याची पॉलिसी भरपाईचा भार उचलते, दंडाचा नाही. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली काम घेत असाल, तर पाणी, स्वच्छतागृह, विसाव्याची जागा अशा कल्याणकारी सोयींची जबाबदारी संहितेने मुख्य नियोक्त्यावर टाकली आहे, हे त्यांना करारातच लिहायला लावा. संक्रमणाच्या काळात जुने नियमही लागू राहतील, असे केंद्राने जाहीर केले आहे. त्यामुळे नवे नियम येईपर्यंत थांबू, ही सबब चालणार नाही.

उत्तर ३ : भुसावळहून, एक महिला ठेकेदार

दादा, नियुक्तिपत्राचे मी काय केले ते सांगते. अर्ध्या पानाचा मराठी नमुना छापून घेतला. त्यात नाव, गाव, काम, रोज, कामाच्या वेळा, पगाराचा दिवस आणि घरच्या माणसाचा फोन नंबर, एवढेच आहे. माणूस आला की त्याच सकाळी मुकादम तो पावरीतून वाचून दाखवतो, सही किंवा अंगठा होतो आणि फोटो काढून त्याच्या फोनवर पाठवला जातो. माणशी दहा मिनिटे लागतात. आखाजीनंतर तोच माणूस परत आला तर तारीख नवी घालते. याचा आणखी एक उपयोग असा की बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो देताना मला आता आठवणीवर विसंबावे लागत नाही. आपण इमारतीच्या खर्चाच्या एक टक्का उपकर भरतो आणि आपलाच मजूर नोंदणीअभावी लाभापासून दूर राहतो, हे मला फार लागते.

इमारतीबाबत माझा आग्रह एवढाच आहे की घरमालकाशी करार करताना परांची (उंचावर उभे राहायचा मचाण), जाळी आणि हार्नेस (अंगात घालायचा सुरक्षा-पट्टा) यांची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. दर चौरस फुटात ती मिसळली की घासाघीस होताना सर्वात आधी तीच कापली जाते. मीही पूर्वी ती कापलेली आहे. ३.६ मीटरच्या वरच्या परांचीला किमान ९० सेंटीमीटर उंचीचा कठडा लागतो, तो बांबूचाही चालतो, पण पक्का बांधलेला हवा. हार्नेस विकत आणून तो अडकवायला दोरी बांधलेली नसेल, तर त्याचा उपयोग शून्य. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी बारा ते चार उंचीवरचे काम मी बंद ठेवते, कारण चक्कर येऊन पडणारा माणूस कठड्याने थांबेलच असे नाही. स्लॅब पहाटे सुरू करते. दिवस दोन वाढतात, पण ते मी आता वेळापत्रकातच धरते.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. साहेब, निविदेची मागची पाने काल रात्री काढून वाचली. शिडी, दीड मीटर, टेकू, सारे तिथे छापलेले आहे आणि खाली माझी सही आहे. टेकूंच्या खर्चाबाबत विशेष अटींत काही नाही, म्हणून जादा बाबीचे पत्र उद्याच देतो. ते मंजूर होवो न होवो, उरलेल्या दोनशे मीटरमध्ये टेकू लावल्याशिवाय कोणालाही खाली उतरवणार नाही, असे मुकादमाला सांगितले आहे. माती काठावरून हलवण्यासाठी सकाळपासून एक ट्रॅक्टर लावत आहे. ताई, तुमचा नियुक्तिपत्राचा नमुना इथे टाकलात तर बरे होईल. आणि धुळे किंवा जळगावात चरासाठी पोलादी प्लेटा व जॅक भाड्याने मिळत असतील, तर कोणते माप मागावे तेही कृपया सांगावे. चराची रुंदी ९० सेंटीमीटर आहे.