शब्दचर्चा : मेमरीचं पान ‘पिन’ करतात, त्याला मराठीत काय म्हणावं?

खटपट्या :
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या पोरांसाठी लिनक्स कर्नलवर (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) मराठीत टिपणं काढतोय. सध्याचा भाग आहे व्हर्च्युअल मशीनला (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला) खरंखुरं ग्राफिक्स किंवा नेटवर्क कार्ड थेट देऊन टाकण्याचा. म्हणजे त्यासाठीच्या कर्नलमधल्या दोन सोयी : २०१२ पासूनचा व्हीएफआयओ, आणि २०२३ साली ६.२ आवृत्तीत आलेला आयओएमएमयूएफडी. कर्नल, ड्रायव्हर, मेमरी हे शब्द तसेच ठेवलेत, त्यावर वाद नको. ‘चालक’ लिहून पाहिलं होतं, पोरांना एसटी आठवली.

अडलंय ‘पिन’पाशी. कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत वाचतं-लिहितं, याला डीएमए म्हणतात. त्यासाठी पत्त्यांची एक वही असते : कार्डाने अमुक पत्ता मागितला की मेमरीतलं तमुक पान. पान म्हणजे मेमरीचा साधारण ४०९६ बाइटचा तुकडा, वही चालवतो आयओएमएमयू नावाचा हार्डवेअरचा भाग. आता कर्नलने ते पान मध्येच दुसरीकडे हलवलं, तर कार्डाला त्याची खबरच नाही. ते जुन्या जागी लिहीत बसणार, आणि तिथे एव्हाना दुसऱ्याच कुणाचा डेटा असणार. म्हणून वहीत नोंद करण्याआधी पान ‘पिन’ करतात.

पहिल्या टिपणात मी लिहिलं, ‘पान कुलूपबंद करा.’ एका पोराने ते वाचून इमानदारीत एमलॉक (पान डिस्कवर जाऊ न देणारा कॉल) मारला आणि ‘झालं सर, आता हलत नाही’ म्हणून मोकळा झाला. चूक त्याची नव्हे, माझ्या शब्दाची. तर सुचवा : जखडणे, खिळवणे, टाचणे, की सरळ पिन करणे?

पानकिडा :
‘खिळवणे’ नको. खिळवून ठेवणारं भाषण असतं, मेमरीचं पान नव्हे. ‘जखडणे’ म्हटलं की साखळदंड आणि संधिवात. ‘टाचणे’ मला पटतं. पिनला आपल्याकडे टाचणी म्हणतातच, आणि टाचायचं आहे तेही पानच. इतकी सरळ जोडी क्वचित जुळते.

एक शंका मात्र आहे. एमलॉकमध्येही पान मेमरीतच राहतं ना? मग कुलूप आणि टाचणी यांत फरक काय?

गोठ्यावरची :
फरक मी सांगते, आमच्या भाषेत. एमलॉक म्हणजे म्हैस गोठ्याबाहेर सोडायची नाही. रानात, म्हणजे डिस्कवर, जायची नाही. पण गोठ्यातल्या गोठ्यात तिला या खुंट्यावरून त्या खुंट्याला बांधायला मालक मोकळा आहे, आणि तो बांधतोही. मोठं जनावर येणार असलं की सलग जागा हवी, मग चार म्हशी सरकवल्या जातात. कर्नलही सलग जागा काढायला पानं सरकवतो आणि एमलॉक केलेली पानं त्यातून सुटत नाहीत. प्रोग्रामला काही कळत नाही, कारण त्याच्या बाजूचा पत्ता तोच राहतो.

पिन म्हणजे मात्र हाच खुंटा. का, तर दूध काढायचं यंत्र त्या खुंट्याशीच जोडलेलं आहे.

तेव्हा माझं मत ‘खुंट्याला बांधणे’.

खटपट्या :
ताई, गोठा उचलला! टिपणात जसाच्या तसा घालतो. पण क्रियापद म्हणून लांब पडतं, आणि ‘खुंटवणे’ केलं की वाढ खुंटते.

रिकामा न्हावी :
‘टाचणे’ला माझा विरोध. दोन कागद टाचले की ते एकमेकांपासून सुटत नाहीत, पण गठ्ठा टेबलावरून कपाटात जातोच की! इथे तर जागा पक्की हवी.

पानकिडा :
मुद्दा बिनतोड वाटतो, पण सोसायटीच्या फळ्यावर टाचलेली नोटीस आठवा. टाचणी कशात घुसली आहे यावर सगळं आहे. इथे ती फळ्यात घुसते.

रिकामा न्हावी :
नोटीस मान्य. पण इंग्रजीत तरी हा घोळ मिटलाय का? कुणी किती पानं पिन करावीत त्याला मर्यादा असते, आणि तिचं नाव काय, तर मेमलॉक. पिनचा हिशेब, कुलपाचं नाव.

खटपट्या :
नेमकं बोललात. चालू प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमएलसीके आणि व्हीएमपिन अशा दोन वेगळ्या ओळी असतात, एक कुलपाची, एक टाचणीची. गंमत अशी की व्हीएफआयओचा जुना टाइप-१ मार्ग पिन केलेली पानं कुलपाच्या ओळीत मांडतो आणि आयओएमएमयूएफडी टाचणीच्या. पोरं दोन्ही मार्गांनी एकच मशीन चालवून आकडे ताडतात आणि मला विचारतात, सर, मेमरी गेली कुठे? म्हणूनच मराठीत दोन्हींना ‘बंदिस्त’ म्हणून चालणार नाही.

गोठ्यावरची :
अवांतर : व्हर्च्युअलच्या ‘आभासी’चं काय केलंत? शाळेत आभासी प्रतिमा म्हणजे पडद्यावर न मिळणारी. त्या हिशेबाने आभासी पत्ता म्हणजे नसलेला पत्ता वाटतो.

खटपट्या :
तिथे तर माझी पुरती दांडी उडाली. गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, ‘पाहुणा’ केलंय. (होस्टला, म्हणजे ते चालवणाऱ्या खऱ्या मशीनला, ‘यजमान’ केल्यावर एका मुलीने विचारलं, कुणाचे यजमान?) तर पाहुणा आपल्या मेमरीच्या पत्त्याला ‘भौतिक’ म्हणतो. तो भौतिक नसतो, यजमानाने दिलेला आकडा असतो. आणि कार्ड थेट दिलेलं असताना, पाहुण्याला वेगळा आयओएमएमयू दिला नसेल, तर कार्डाच्या वहीतही तोच आकडा लिहितात. तिथे त्याचं नाव ‘आयओ व्हर्च्युअल’ पत्ता. म्हणजे एकच आकडा, पाहुण्याच्या लेखी भौतिक आणि कार्डाच्या लेखी आभासी. मी दोन्ही विशेषणं काढून टाकली. ‘पाहुण्याचा पत्ता’, ‘कार्डाचा पत्ता’, ‘खरा पत्ता’. पत्ता कुणाचा ते कळलं की पुरे.

पानकिडा :
हे उत्तम. आणि फुग्याचं काय? बलून ड्रायव्हर?

खटपट्या :
फुगा तर मराठीत जन्मल्यासारखा बसतो. पाहुण्याच्या पोटात फुगा फुगवायचा, फुग्याने व्यापलेली पानं यजमानाने परत घ्यायची. फक्त एक वाक्य घालावं लागतं, की फुगा फुगला म्हणजे पाहुण्याची मेमरी घटली. पोरं उलटं समजतात.

पण इथे टाचणी आडवी येते. समजा पान टाचलेलं आहे, कार्डाच्या वहीत त्याची नोंद आहे, आणि फुग्याने ते परत दिलं. पुढे फुगा ओसरला, पाहुण्याने तोच पत्ता पुन्हा वापरला. यजमान त्याला नवं पान देणार, कार्डाच्या वहीत मात्र जुनंच. आता पाहुणा एका पानावर वाचतोय आणि कार्ड दुसऱ्यावर लिहितंय, पत्ता दोघांचा एक. म्हणून व्हीएफआयओचं कार्ड जोडलेलं असलं की क्यूएमू (पाहुणा चालवणारा यजमानावरचा प्रोग्राम) फुग्याला पानं परत देऊच देत नाही. फुगा आणि टाचणी एका घरात नांदत नाहीत, हे वर्गात सांगितल्यावर फळ्यावर काही लिहावं लागलं नाही.

रिकामा न्हावी :
बरं बाबा, घ्या ‘टाचणे’. हरलो. पण टाचलंय की नाही हे कर्नलला कळतं कसं? तेही लिहिणार असाल तर शब्द लागेल.

खटपट्या :
साध्या पानाला वेगळी खूण करायला जागाच नाही. पान किती जण धरून आहेत याची एक मोजणी असते, तिच्यात साधी पकड १ ने भर घालते आणि टाचणी १०२४ ने. त्यामुळे मोजणी १०२४ च्या वर दिसली की टाचणी असेल असं धरायचं. पण हजारभर साध्या पकडी जमल्या तरी तोच आकडा दिसतो. म्हणून त्या फंक्शनच्या नावातच ‘मेबी’ घातलंय, ‘मेबी डीएमए पिन्ड’. त्याचं ‘कदाचित टाचलेलं’ केलं होतं, पण ते ‘माहीत नाही बुवा’ असं वाजतं.

गोठ्यावरची :
‘कदाचित’ कशाला? ‘टाचलेलं असावं’ म्हणा की.

खटपट्या :
‘टाचलेलं असावं.’ झालं, हेच. आणि खाली एक ओळ : ‘असावं’ म्हटलं तरी ते नसू शकतं, पण ‘नाही’ म्हटलं तर नक्की नाही.