‘द हँडमेडन’मध्ये तेच प्रसंग पुन्हा का?

प्रश्न:
पार्क चान-वूक यांचा ‘द हँडमेडन’ (2016) नुकताच पाहिला. जपानी अमलाखालील 1930 च्या दशकातल्या कोरियात श्रीमंत वारसदार हिदेकोला फसवण्यासाठी दासी बनून आलेली सूक-ही तिच्याच प्रेमात पडते, इथवर कथा सरळ वाटते. परंतु दुसऱ्या भागात तेच प्रसंग पुन्हा का येतात, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १:
ती पुनरावृत्ती नव्हे. पहिला भाग सूक-हीच्या नजरेतून, तर दुसरा हिदेकोच्या नजरेतून घडतो आणि जिला आपण भोळे सावज समजत होतो, तीही डावात सामील असल्याचे उघड होते. (चित्रपट न पाहिलेल्यांनी पुढे वाचू नये.) पालक कोझुकी तिला धनिकांसमोर अश्लील ग्रंथ वाचायला लावत असतो, हे कळल्यावर सूक-ही तो ग्रंथसंग्रह फाडून पाण्यात बुडवते, तेव्हा सूड आणि प्रेम वेगळे काढताच येत नाहीत. माझ्या मते चित्रपटाचा कळस तोच. शेवटचा छळाचा प्रसंग मात्र लांबला आहे.

उत्तर २:
मूळ आधार सारा वॉटर्स यांची ‘फिंगरस्मिथ’ (2002) ही व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये घडणारी कादंबरी आहे. स्थळ बदलल्यामुळे जपानी होण्याचा ध्यास घेतलेला कोरियन कोझुकी येथे अधिक विखारी ठरतो. शिवाय, चित्रपटात दोघी कादंबरीपेक्षा बऱ्याच आधी एकत्र येतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आता दुसरा भाग पुन्हा पाहतो.