उत्तर: प्रत्यारोपणानंतरचा विसरभोळेपणा

निपाणीच्या ताईंनी लिहिलंय की त्यांच्या रुग्णाला स्टेम सेल प्रत्यारोपणानंतर (म्हणजे रक्त बनवणाऱ्या नव्या पेशी दिल्यावर) विसरायला होतंय, ते केमोच्या अशक्तपणामुळं असेल, सोमवारी ओपीडीत दाखवू. असेलही, पण त्यावर थांबू नका. आमच्या खानापूरच्या दाजींना प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहा घेतलेला आठवेना. रक्तातलं सोडियमही उतरलेलं. आम्ही म्हटलं, झोप झाली नसेल. निघाला एचएचव्ही-६ या नागिणीच्या कुळातल्या विषाणूमुळं झालेला मेंदूदाह! हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून दडून असतो. प्रतिकारशक्ती कोसळली की उठतो आणि नेमका स्मरणशक्तीचा भाग धरतो. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून पीसीआर (विषाणू शोधायची तपासणी) आणि मेंदूचा एमआरआय केल्यावर कळलं.

रोजची असायक्लोव्हिरची (विषाणूरोधक) गोळी चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती याच्यावर पुरत नाही. शिरेतून फॉस्कारनेट किंवा गॅनसायक्लोव्हिर द्यावं लागतं. पहिलं मूत्रपिंडाला जड, दुसरं रक्त बनवणाऱ्या नव्या अस्थिमज्जेला, त्यामुळं निवड डॉक्टरांचीच. असाच दडून असणारा आणि मेंदूवर उठणारा दुसरा म्हणजे जेसी विषाणू, त्याचं आणखी अवघड: त्यावर खात्रीचं औषध नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावी लागतात, आणि मग दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटण्याची भीती.

ताई, सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांना आजच फोन लावा; बेळगावात आधी सोडियम तरी तपासून घ्या.