'अ लीग ऑफ देअर ओन' : पडद्यामागचं आणि आपल्या मैदानांवरचं (अनुभव धागा)

निंबोणी

परवा लेकीबरोबर 'अ लीग ऑफ देअर ओन' पुन्हा पाहिला. पेनी मार्शल यांचा १९९२चा चित्रपट. दुसऱ्या महायुद्धात बेसबॉलचे पुरुष खेळाडू सैन्यात जाऊ लागले, तेव्हा १९४३ साली च्युइंग गमवाल्या फिलिप रिग्लींनी बायकांची व्यावसायिक लीग काढली. ती १९५४पर्यंत चालली आणि सहाशेहून जास्त मुली तीत खेळल्या. त्यांच्यावरचा हा खो-खो हसवणारा चित्रपट. (चित्रपटात गमच्या जागी चॉकलेटवाला शेठ आहे, आणि ते काम दिग्दर्शिकेच्या सख्ख्या भावानं, गॅरी मार्शल यांनी केलंय.)

त्यातल्या एका खेळाडूच्या मांडीवर तळहाताहून मोठा, लालजांभळा डाग दिसतो. लेक म्हणाली, "आई, मेकअप भारी आहे ना?" मेकअप नाही तो! रेने कोलमन या नटीला चित्रीकरणात घसरताना खरोखर झालेली ती जखम आहे. वर्ष उलटून गेलं तरी तो डाग गेला नव्हता.

मी लेकीला माझी डावी मांडी दाखवली. आमच्या जळगावकडे शाळेत सॉफ्टबॉल (बेसबॉलचंच भावंड) जोरात. नववीपासून कॉलेज संपेपर्यंत मी खेळले. मैदान मुरमाचं. सेकंड बेसला स्लाइड मारली, म्हणजे बाद होऊ नये म्हणून घसरत दुसरा टप्पा गाठला, की आधी 'खर्रर्र' आवाज ऐकू यायचा आणि आग मागाहून सुरू व्हायची. रात्री चादर चिकटायची. आम्ही निदान हाफ पँटमध्ये होतो. त्या लीगच्या मुलींना गुडघ्याच्या वर येणारा स्कर्ट सक्तीचा होता, 'बाईसारखं दिसायला हवं' म्हणून. सुरुवातीला सौंदर्याचे वर्गसुद्धा लावले होते त्यांना. दिवसा मैदानावर सालटी काढून घ्यायची आणि संध्याकाळी पाय जुळवून कसं बसायचं ते शिकायचं.

नट्यांनी तोच स्कर्ट घालून त्याच मातीत घसरून घेतलंय, म्हणून हा चित्रपट मला इतका जवळचा वाटतो. या चित्रपटाच्या घडणीबद्दल कुणाला काही माहीत असेल, त्या जागा कुणी पाहिल्या असतील, किंवा तुम्ही स्वतः खेळला असाल, तर इथे लिहा. लांबलं तरी चालेल.

ओहायोकाठ

निंबोणीताई, मी राहतो त्या गावातच याचं चित्रीकरण झालं. इंडियाना राज्यातलं इव्हान्सव्हिल. इथलं बॉस फील्ड हे मैदान १९१५चं. अमेरिकेत अजून नेमानं व्यावसायिक बेसबॉलचे सामने होतात अशा मैदानांत बॉस्टनचं फेनवे आणि शिकागोचं रिग्ली फील्ड ही दोनच याच्याहून जुनी. चित्रपटात रसीन बेल्स संघाचं घरचं मैदान म्हणून हेच दिसतं. नायिकांच्या रॉकफर्ड पीचेसचं मैदान मात्र इथून तासाभराच्या अंतरावर, हंटिंगबर्गला आहे. तिथलं जुनं स्टँड चित्रपटासाठी वाढवून घेतलं आणि गावानं ते तसंच ठेवलं. आता उन्हाळ्यात तिथे कॉलेजची मुलं खेळतात.

चित्रीकरण १९९१च्या उन्हाळ्यात झालं. मी तेव्हा इथे नव्हतो, पण आमच्या शेजारच्या आजी होत्या. प्रेक्षकांच्या गर्दीत बसायला गावकरीच बोलावले होते, सगळे १९४०च्या दशकातल्या कपड्यांत. आजी सांगतात की उन्हापेक्षा कंटाळा जास्त मारायचा. एकच फटका, एकच धाव, पुन्हा पुन्हा आणि पुन्हा. लोक उठून जाऊ नयेत म्हणून मध्येमध्ये सोडती काढायचे, बक्षिसं द्यायचे, आणि कलाकार स्वतः पुढे येऊन लोकांची करमणूक करायचे. आजींना बक्षीस काही लागलं नाही. पण त्यांनी डोक्याला बांधलेला रुमाल अजून जपून ठेवलाय आणि घरी येईल त्याला दाखवतात.

चित्रपटात काम केलेल्या गायिका मॅडोनानं नंतर एका मुलाखतीत गावाबद्दल नाराजी दाखवली, ते इथल्या लोकांना फार लागलं होतं. पण मैदानाचा अभिमान त्यानं तसूभर कमी झाला नाही.

खडूफळा

मी अमरावतीत क्रीडाशिक्षक आहे, सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही शिकवतो. या चित्रपटात मी काय पाहतो? कोपर. ज्याला फेकता येत नाही त्याचं कोपर चेंडू सोडताना खाली पडतं. कॅमेरा कुठेही लावा, ते लपत नाही. इथे बहुतेकींची कोपरं खांद्याच्या रेषेत आहेत.

त्याचं कारण म्हणजे मार्शलबाईंनी आधी खेळ पाहिला आणि मग भूमिका दिल्या. नट्यांना शिकवायला रॉड डेडो होते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हे नावाजलेले प्रशिक्षक १९८४च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बेसबॉल संघाचेही प्रशिक्षक होते. विचार करा, एका विनोदी चित्रपटासाठी एवढा माणूस!

नायिका झालेली जीना डेव्हिस सगळ्यात उशिरा आली. आधी तिच्या जागी डेब्रा विंगर होती. बाकीच्या मुली कधीच्या घाम गाळत होत्या आणि हिला मुख्य कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारी) म्हणून उभं राहायचं होतं. यापुढची गोष्ट मी दरवर्षी मुलींच्या पालकांना सांगतो. सहा फूट उंचीची ही बाई तोवर स्वतःला खेळाडू समजत नव्हती. या चित्रपटानं तिला आपल्या शरीरावर विश्वास ठेवायला शिकवलं. पुढे चाळिशीच्या आसपास तिनं धनुष्य हातात घेतलं आणि १९९९ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाच्या निवड चाचणीत उपांत्य फेरी गाठली. 'आता दहावी आहे, खेळ बंद' म्हणणारे दोन बाप तरी या गोष्टीनं थांबलेत.

चित्रपटात एक चूक आहे, तीही सांगतो. १९४३चा हंगाम दाखवलाय आणि पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या) हात वरून आणून फेकतात. खऱ्या लीगमध्ये तेव्हा चेंडू खालून फेकायचे, तो १२ इंच घेराचा होता आणि पिचर ४० फुटांवर उभी राहायची. वरून फेकायला १९४८मध्ये सुरुवात झाली. आपल्या सॉफ्टबॉलचा चेंडूही १२ इंचीच! म्हणजे सुरुवातीचा तो खेळ आपल्या जळगाव-अमरावतीच्या पोरी खेळतात त्याच्या किती जवळचा होता बघा.

पाणकणीस

मी मुंबईत डबिंग करते, त्यामुळे माझं लक्ष आवाजाकडे. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी म्हातारी डॉटी, म्हणजे चित्रपटाची नायिका, दिसते. चेहरा लिन कार्टराइट या अभिनेत्रीचा आहे, आवाज मात्र जीना डेव्हिसचा. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं होतं की जीनालाच म्हातारी केलंय. कळल्यावर तो भाग डोळे मिटून ऐकला. तिनं आवाज कापरा केलेला नाही, फक्त वाक्यांमधली जागा वाढवलीय. आम्हाला 'म्हातारीचा आवाज दे' म्हटलं की आधी घसा खरवडायला लागतो. त्या दिवसापासून मी ते सोडलं.

घाटमाथा

न्यू जर्सीहून आम्ही आईला घेऊन कूपर्सटाउनला गेलो होतो. बेसबॉलचं संग्रहालय तिथे आहे. १९८८मध्ये तिथे स्त्रियांच्या बेसबॉलचं दालन उघडलं. चित्रपटाच्या शेवटी तोच प्रसंग आहे, आणि नामावली चालू असताना डबलडे फील्डवर खेळणाऱ्या म्हाताऱ्या दिसतात त्या नट्या नाहीत, लीगच्या खऱ्या खेळाडू आहेत. संघातल्या मुली जे गाणं म्हणतात तेही त्या खेळाडूंचं स्वतःचं, पेपर पेअर डेव्हिस यांनी मैत्रिणीबरोबर रचलेलं. चित्रपटाला सल्लाही त्यांचा होता.

आईला बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही. ती काचेतल्या स्कर्टापाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "शिवण दोनदा मारलीय बघ. घसरताना उसवत असणार."

बाभूळबन

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

त्या चित्रपटात एक अगदी छोटा प्रसंग आहे. चेंडू मैदानाबाहेर जातो, तिथे काही काळ्या बायका उभ्या असतात. त्यातली एक चेंडू उचलते आणि डॉटीच्या डोक्यावरून पार पलीकडच्या खेळाडूकडे फेकते. ती खेळाडू हात झटकते, इतका तो जोरात लागतो. दोघी एकमेकींकडे बघतात, मान हलते, संपलं. एक शब्दही नाही. त्या लीगमध्ये काळ्या मुलींना घेत नव्हते. टोनी स्टोन, मेमी जॉन्सन, कॉनी मॉर्गन यांना पुढे खेळायला मिळालं ते निग्रो लीगमध्ये (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये), पुरुषांच्या संघांत. तो चेंडू फेकणारी बाई इव्हान्सव्हिलचीच, डेलिसा चिन-टायलर. ती खरीच सॉफ्टबॉल खेळायची. म्हणून ती फेक तशी दिसते.

आमच्या शाळेत खेळाचं किट आणि बूट घरून आणायचे असा नियम होता. माझे वडील ऊसतोडीला जायचे. मी फक्कीच्या रेघेबाहेर बसायचे आणि बाहेर आलेला चेंडू आत द्यायचे. अनवाणी. एकदा लांबून, पार कुंपणाच्या तारेजवळून फेकला तो थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. टप्पा नाही. सगळ्या वळून बघायला लागल्या. सरांनीही पाहिलं. मग शिट्टी वाजली आणि खेळ पुढे सुरू झाला.

चित्रपटातली ती फेक मी किती वेळा मागे नेऊन पाहिली असेल ते सांगता येणार नाही. आता माझी मुलगी जिल्हा संघात सेंटर फील्डला आहे. बूट मी स्वतः बघून, दाबून, एक नंबर मोठे घेतले.

निंबोणी

बाभूळबन, तुमचं वाचून लेकीला हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. 'टप्पा नाही' इथे थांबावं लागलं मला. तुमच्या मुलीचे सामने कुठे असतील ते जरूर कळवा, जवळपास असले तर आम्ही दोघी येऊ.

खडूफळा सर, खालून फेकण्याचं माहीत नव्हतं. आता पुन्हा पाहताना पिचरकडेच लक्ष जाणार.

एकीनं व्यक्तिगत निरोपात विचारलंय की स्लाइडच्या जखमेवर आम्ही काय लावायचो. बाई, हळद लगेच भरू नका. आधी वाहत्या पाण्याखाली धरून मुरमाचा कण न् कण निघू द्या, कितीही झोंबलं तरी. माझ्या मांडीत एक खडा तसाच राहिलाय, निळसर दिसतो. लेक त्यावर बोट ठेवून विचारते, "हा कुठल्या मॅचचा?" मी सांगते, "भुसावळ. सेफ होते."